पलटण ‘बरखास्त’, शिपाई ‘कमी’

प्रश्न : पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्रिटिश हिंदी सैन्यात १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि युद्ध आटोपल्यावरच्या सैन्यकपातीत, १९२१ साली, ती मोडण्यात आली. त्याविषयी लिहिताना ‘शिपायांना बडतर्फ करण्यात आले’ असे वाक्य मी योजले होते. संपादकांनी ‘बडतर्फ’ला लाल खूण केली आहे. ही हरकत रास्त आहे का?

उत्तर : रास्त आहे. फारसी ‘बर-तरफ’ म्हणजे ‘बाजूला’. त्या मुळात दोषारोप नाही. परंतु आज बडतर्फ होतो तो लाच घेताना सापडलेला कारकून, तोही चौकशीअंती. त्यामुळे आपले वाक्य वाचणारा नकळत शिपायाचा गुन्हा शोधू लागेल, आणि येथे गुन्हा इतकाच की लढाई संपली होती. ‘बरखास्त’ समूहाला शोभतो. दरबार, विधानसभा, पलटण हे सारे बरखास्त होतात, एकटा माणूस होत नाही. अर्थात या शब्दालाही कधी शिक्षेची धार येते : गोव्यात पोर्तुगीजांनी बंडानंतर १८७१ साली तिथली फौज बरखास्त केली, ती काही काटकसर म्हणून नव्हे. शिपायासाठी मात्र कारखान्यांत रोज कानावर पडणारा ‘कमी करणे’ हाच प्रयोग मला नेमका वाटतो. ‘त्याला कामावरून कमी केले’ म्हटले की त्याची चूक नव्हती हे न सांगता कळते.

पृच्छा : मग साधे ‘पलटण मोडली’ का नको?

उत्तर : कर्ता सोबत असेल तर जरूर वापरावे. ‘सरकारने पलटण मोडली’ यात संदिग्धता नाही. पण नुसते ‘पलटण मोडली’ लिहिल्यास, जुन्या मराठीत ‘फौज मोडली’, ‘मोड झाला’ म्हणजे रणात पराभव, हे ठाऊक असलेला वाचक घोटाळ्यात पडेल. लेखात १८९२ च्या सुमाराचा निर्णय येणार असेल तर तो वेगळा ठेवावा. निवृत्त महार सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी ज्याविरुद्ध अर्ज लिहिला, ती सैन्यात महारांना घेण्यावरची ‘भरतीबंदी’ होती. तिला ‘कपात’ म्हटल्यास जातीवरून दार लावून घेतल्याची गोष्ट आकडेमोडीआड लपते.