पॅरिसहून दोन दिवस गाडीने – मदत हवी आहे (तातडीची)

पौडरोडवाला – ३ सप्टेंबर, रात्री ११:४०
ऑफिसच्या कामाने पॅरिसला आलोय, महिनाभर आहे. २०-२१ सप्टेंबरला घरचे इथे असतील. शहर पायी बघून होईल, पण मला त्यांना फ्रान्सचं खेडं दाखवायचंय. शेतं, छोटे रस्ते, दगडी घरं, नदी. शनिवारी सकाळी गाडी घ्यायची, रविवारी रात्री परत. रूट सुचवा. उद्या बुकिंग करायचंय, तेव्हा प्लीज लवकर. "गूगल कर" म्हणू नका, तिथूनच वैतागून इथे आलोय.

सह्यभटक – ४ सप्टेंबर, सकाळी ७:०५
घरचे म्हणजे किती जण? वयं? गाडी कोण चालवणार? लायसन्स भारतातलं का? उजव्या बाजूने कधी चालवलीय का? एवढं कळल्याशिवाय रूट काय सांगणार!

डोंबिवली_फास्ट – सकाळी ७:३०
प्रोव्हान्स. डोळे झाकून. लव्हेंडरची शेतं बघितली नाहीत तर फ्रान्सला जाऊन उपयोग काय?

बाभळीचं_झाड – सकाळी ७:५२
@डोंबिवली_फास्ट, डोळे झाकूनच जावं लागेल, कारण सप्टेंबरात तिथे बघायला काही नसतं. लव्हेंडर जून-जुलैत फुलतं, मग कापून नेतात. शिवाय पॅरिसहून साडेसातशे किमीच्या वर आहे. दोन दिवसांत जाऊन येतील ते फक्त टोलनाके बघून.

पौडरोडवाला – सकाळी ९:१५
पाच जण. मी, बायको, आई, बाबा आणि मुलगी. गाडी अर्थात मीच चालवणार. पुण्यात १४ वर्षं चालवतोय, फ्रान्समध्ये काय वेगळं असणार. रूटचं बोला ना कोणीतरी.

सह्यभटक – सकाळी ९:४०
लायसन्सचं उत्तर राहिलं.

ल्वारकाठ – सकाळी १०:२०
मी सहा वर्षं तूर शहरात राहते म्हणून लिहिते. तुमच्या वर्णनाला ल्वार नदीचं खोरं चपखल बसतं.

पॅरिसहून ए १० महामार्गाने तूर साधारण २४० किमी. पण तसं करू नका. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही (वेगवान रेल्वे) पकडा, तासा-सव्वातासात सँ-प्येर-दे-कोरला उतरा (तूरच्या अलीकडचं स्टेशन), गाडी तिथून घ्या. पॅरिसमधून बाहेर पडणं-शिरणं वाचतं. तिथून आंब्वाझ गाव २५ किमी. जाताना नदीच्या उत्तर काठाने डी ९५२ रस्ता घ्या. वूव्हरेजवळ रस्त्याला लागून पांढऱ्या दगडाचा कडा आहे, त्यात कोरलेली घरं दिसतील. हा दगड मऊ असतो, करवतीने कापता येतो. इथले राजवाडे त्याच दगडाचे, आणि तो काढून उरलेल्या पोकळ्यांत आता कोणी दारू मुरवतं, कोणी चक्क राहतं. थंडीत ऊबदार, उन्हाळ्यात गार. माझी एक मैत्रीण अशा घरात राहते, तिची तक्रार एकच – भिंतीत खिळा ठोकला की भुगा पडतो.

मुक्काम आंब्वाझला. रविवारी सकाळी तिथे नदीकाठी मोठा बाजार भरतो, तो आईबाबांना महालापेक्षा जास्त आवडेल. शनिवारी शनाँसोचा महाल, रविवारी व्हिलाँद्रीचा. बस. शाँबोरचा महाल या वेळी सोडा.

एक मात्र ऐका. २०-२१ म्हणजे सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार. तेव्हा सगळ्या देशात वारसा दिवस असतात, १९८४ पासून. एरवी बंद असलेल्या कितीतरी इमारती उघडतात आणि तुफान गर्दी होते. मुक्काम आजच बघा.

रंकाळा_कट्टा – सकाळी १०:४५
शाँबोर सोडायचं? भावा, ऐकू नकोस. लिओनार्दो दा विंचीने बांधलाय तो. तो डबल जिना बघ, एक माणूस चढतोय दुसरा उतरतोय पण दोघं भेटतच नाहीत. कोल्हापूर-पुणे रस्त्यावर आम्ही आयुष्यभर तेच करतोय म्हणा.

बाभळीचं_झाड – सकाळी ११:१०
लिओनार्दो मे १५१९ मध्ये वारला, तोही आंब्वाझलाच. शाँबोरचं काम त्याच वर्षी सप्टेंबरात सुरू झालं. जिन्याची कल्पना त्याची असावी असं बरेच जण मानतात, पण बांधलाय म्हणणं जरा जास्तच.

रंकाळा_कट्टा – सकाळी ११:१४
बरं गुरुजी.

सह्यभटक – सकाळी ११:३०
लायसन्स?

साबुदाणा_वडी – दुपारी १२:०५
आई शाकाहारी आहेत का रे? मी गेले होते तेव्हा खाण्याचे फार हाल झाले. थेपले, मेतकूट, दाण्याची चटणी बरोबर असूच दे. दुपारी दोननंतर खेड्यात कुणी जेवायला देत नाही, स्वयंपाकघरच बंद. आम्ही सव्वादोनला पोचलो तर मालकीण हात जोडून उभी. बाराला जेवायला बसायचं म्हणजे बसायचं. चीज खाणार असतील तर चिंता नाही, बकरीच्या दुधाचं छान मिळतं.

तत्त्वनिष्ठ – दुपारी १२:३०
बऱ्याच चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं. शाकाहारी माणसाला ते सांगणं तुमचं कर्तव्य आहे.

साबुदाणा_वडी – दुपारी १२:४१
तुम्ही सांगा. मी पुरणपोळीत तूप कुठल्या गाईचं तेही विचारत नाही.

पौडरोडवाला – दुपारी १:५०
@ल्वारकाठ खूप धन्यवाद, हेच हवं होतं! @सह्यभटक लायसन्स पुण्याचं आहे, एलएमव्ही, २०३४ पर्यंत व्हॅलिड. स्मार्ट कार्ड, इंग्लिशमध्ये आहे. झालं समाधान?

सह्यभटक – दुपारी २:००
नाही. आयडीपी काढलाय का? आंतरराष्ट्रीय परवाना. निघण्यापूर्वी आरटीओतून?

पौडरोडवाला – दुपारी २:२०
नाही. इंग्लिश आहे ना लायसन्स, कशाला लागतो? अमेरिकेत तर काहीच लागलं नव्हतं.

ल्वारकाठ – दुपारी २:४५
फ्रान्समध्ये लागतो. लायसन्स फ्रेंचमध्ये हवं, नाहीतर सोबत अधिकृत भाषांतर किंवा आयडीपी. इंग्लिश ही काही इथली भाषा नाही. आयडीपी भारतातूनच काढावा लागतो, पण भाषांतर इथे होतं. न्यायालयाच्या यादीवरचे शपथबद्ध भाषांतरकार असतात, त्यांच्याकडून करून घ्या. कोणाही फ्रेंच येणाऱ्या मित्राकडून नाही.

डोंबिवली_फास्ट – दुपारी २:५०
कोणी बघत नाही हो. मी नऊशे किमी चालवली, एकदाही पोलिसाने थांबवलं नाही.

सह्यभटक – दुपारी ३:०२
पोलिसाचा प्रश्नच नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीने विचारलं "परवाना दाखवा", मग? गाडीत आईबाबा आणि मुलगी असतील, सल्ला जरा जपून द्या.

आणि मुलगी किती वर्षांची? दहाच्या आत असेल तर मागे, उंचीप्रमाणे सीट किंवा बूस्टरवर. बुकिंगमध्येच मागून घ्या.

चार्वाक_आयटीवाला – दुपारी ३:२०
मी वेगळंच सांगतो. कार्डाकडे लक्ष द्या. बहुतेक कंपन्यांना अनामत अडकवायला क्रेडिट कार्डच लागतं आणि ते मुख्य चालकाच्याच नावाचं. मागच्या वर्षी काउंटरवर डेबिट कार्ड पुढे केलं तर बाई हसली आणि पुढच्या गिऱ्हाईकाला बोलावलं. दीड तास फोन करत बसलो, शेवटी दुसरीकडे दुप्पट पैसे मोजले. शिवाय तिकडे साधी गाडी म्हणजे मॅन्युअल. ऑटोमॅटिक हवी असेल तर तशी मागायची, आयत्या वेळी मिळत नाही.

पौडरोडवाला – दुपारी ४:१०
मुलगी ६ वर्षांची. क्रेडिट कार्ड आहे. मॅन्युअल येते पण गिअर उजव्या हाताला म्हणजे... बघू. भाषांतरवाल्यांना दोन मेल टाकले, एकाचं उत्तर आलं, "दोन आठवडे". म्हणजे २० तारखेच्या नंतरच!! आता काय?

साबुदाणा_वडी – दुपारी ४:३०
सूनबाईला गाडी येते का?

पौडरोडवाला – दुपारी ४:५०
येते. माझ्यापेक्षा बरी चालवते असं तिचं म्हणणं आहे. लायसन्सही आहे. का?

साबुदाणा_वडी – दुपारी ४:५२
ती अजून पुण्यातच आहे ना रे!

सह्यभटक – दुपारी ५:००
काकू, दंडवत. @पौडरोडवाला, तिला उद्याच आरटीओत पाठवा. पासपोर्ट, व्हिसा, लायसन्स, फोटो, फॉर्म ४-अ, हजार रुपये. वर्षभर चालतो. माझं चार दिवसांत झालं होतं. ते कधी निघतायत?

पौडरोडवाला – संध्याकाळी ५:३०
१६ ला. गणपती आटोपून.

अक्षता – संध्याकाळी ५:५५
पण २१ ला सर्वपित्री अमावस्या आहे. बाबांचं घरचं काही नसतं का?

बाभळीचं_झाड – संध्याकाळी ६:०८
झालं सुरू.

अक्षता – संध्याकाळी ६:१५
मी फक्त विचारलं. बाबांनी तिथे पोचल्यावर विचारण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पौडरोडवाला – संध्याकाळी ७:००
आत्ताच बाबांशी बोललो. त्यांच्या घरचं श्राद्ध निघण्याआधीच आहे. काळजी नसावी. बायको तयार आहे. तिची अट एकच, "गाडीत सूचना द्यायच्या नाहीत". कार्ड तिच्याही नावाचं आहे. आता रस्त्याबद्दल काय सांगायचं तिला?

ल्वारकाठ – संध्याकाळी ७:४०
आता खरं कामाचं. गावांबाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ८० किमी (२०१८ पासून, काही जिल्ह्यांनी पुन्हा ९० केलेत, पाटी बघायची), गावात ५०. कॅमेरे भरपूर, दंड भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो आणि कंपनी स्वतःचं शुल्क वेगळं लावते.

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो: जिथे पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गल्लीबोळातून ट्रॅक्टर आला तरी तोच पहिला. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला की तुम्ही प्राधान्याच्या रस्त्यावर आहात. त्यावर काळी तिरकी रेघ दिसली की ते प्राधान्य संपलं. मी पहिल्या महिन्यात दोनदा वाचले. दोन्ही वेळा समोरचा आजोबा शांत होता, मीच थरथरत होते.

रेल्वेने आलात तर टोलचा प्रश्न नाही. परतीच्या आधी पेट्रोल भरून घ्या. डिझेलच्या नळीवर गाझोल लिहिलेलं असतं, ते गॅस नाही. रविवारी पंपावर माणूस नसतो, कार्डावर चालतो. भाड्याच्या गाड्यांची छोटी कार्यालयं शनिवारी दुपारीच बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, तेव्हा लवकरची रेल्वे पकडा आणि किल्ली टाकायची पेटी कुठे आहे ते आधी विचारून ठेवा.

आणि एक गंमत. शनाँसो गावाच्या नावात शेवटी एक एक्स जास्त आहे, महालाच्या नावात नाही. उच्चार सारखाच. शोधताना तो बघून घ्या.

पौडरोडवाला – रात्री ८:२०
आईचे गुडघे दुखतात. महालात जिने फार आहेत का?

रंकाळा_कट्टा – रात्री ८:२५
हे आता सांगतोयस होय!

ल्वारकाठ – रात्री ८:५०
म्हणून शाँबोर नको म्हटलं. शनाँसो शेर नदीवर पुलासारखा उभा आहे. फाटकापासून दुतर्फा झाडांच्या रस्त्याने बरंच चालावं लागतं, पण तळमजला आणि नदीवरचं दालन सपाट आहे. दुसऱ्या महायुद्धात शेर ही जर्मनव्याप्त आणि अव्याप्त फ्रान्सची हद्द होती, आणि त्या दालनाचं एक दार या बाजूला, दुसरं त्या. बाबांना हे सांगा, तिथून हलणार नाहीत.

व्हिलाँद्रीला आईंना न्या. भाज्यांची बाग आहे, नऊ चौकोन, प्रत्येकाची नक्षी वेगळी, कोबी आणि पालेभाज्यांची जणू रांगोळी. मीही तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या आईचं पहिलं वाक्य होतं, "एवढा कोबी खातं कोण?"

डोंबिवली_फास्ट – रात्री ९:१०
पुढच्या वेळी जुलैत या, मग कळेल लव्हेंडर काय असतं.

पौडरोडवाला – ११ सप्टेंबर, रात्री १०:३०
अपडेट. आयडीपी आज हातात आला. ऑटोमॅटिक मिळाली, बूस्टर सांगितला. रेल्वे सव्वाआठची. आंब्वाझला खोल्या संपल्या होत्या, १० किमीवर शेतावरचं घर मिळालं, मालकीण फोनवर फक्त फ्रेंच बोलते. काहीतरी ठरलंय, नक्की काय ते तिलाच माहीत. मी मागे, मुलीशेजारी बसणार आहे. सूचना न देता.

पहिलटकर – १२ सप्टेंबर, सकाळी ९:००
मी डिसेंबरात पाच दिवस स्वित्झर्लंडला चाललोय. गाडी की रेल्वे पास?

सह्यभटक – सकाळी ९:२०
नवीन धागा काढा. आणि किती जण ते पहिल्याच ओळीत लिहा.