एमबीबीएसची प्रेफरन्स लिस्ट: राज्य कोटा, ऑल इंडिया आणि खासगी यांची सांगड कशी घालावी?

हिंगोली_पालक

नमस्कार. मुलीची यंदाची नीट झाली. प्रवर्ग ओबीसी, नॉन-क्रिमीलेअर आहे, डोमिसाइल आहे, दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच. घरातलं सगळं मिळून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. मागच्या वर्षीच्या राज्याच्या याद्या पाहता तिची रँक सरकारी कॉलेजच्या अगदी काठावर बसते. लागलं तर लागेल, अशी.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, क्लासमधून सांगतात की वरच्या जागी केईएम, ससून लिहून प्रेफरन्स वाया घालवू नका, मिळण्यासारखी कॉलेजं पहिल्या पाचात ठेवा. हे बरोबर आहे का? दोन, हिंगोली-परभणीची नवी सरकारी कॉलेजं घराजवळ आहेत. ती वर ठेवावीत की लांबची जुनी? तीन, खासगी कॉलेजं यादीत टाकायची का, आणि दिल्लीच्या एमसीसीचा (ऑल इंडिया कोट्याच्या जागा वाटणारी केंद्राची समिती) फॉर्मही भरायचा का?

गोदाकाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टच देतो: तो सल्ला चुकीचा आहे आणि दरवर्षी त्यातून नुकसान होतं.

वाटप कसं होतं ते पाहा. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो. तुमच्या मुलीचा क्रमांक आला की तिची यादी वरून खाली वाचतो आणि त्या क्षणी तिला लागू असलेली जागा जिथे पहिल्यांदा शिल्लक दिसते, ती देतो. केईएम भरलेलं असेल तर पुढच्या ओळीवर जातो. ती ओळ लिहिल्याबद्दल काही कापलं जात नाही, क्रमांक मागे पडत नाही. नांदेड तिने पहिलं लिहिलं काय किंवा चौदावं लिहिलं काय, नांदेड मिळण्याची शक्यता तीच राहते. फरक इतकाच की नांदेड पहिलं लिहिलं तर त्याच्याहून हवंसं कॉलेज मिळत असतानाही ते हातातून जातं.

म्हणून क्रम लावायचा तो फक्त आवडीने. "ही दोन्ही कॉलेजं समोर ठेवली तर कुठलं घेईन?" एवढा एकच प्रश्न जोडीजोडीने विचारत खाली या. कटऑफचा उपयोग क्रम लावायला नाही. यादी किती लांब न्यायची आणि खाली कुठे थांबायचं, हे ठरवायला आहे. काठावरच्या रँकला तर सगळी सरकारी कॉलेजं लिहायलाच हवीत, एकही न गाळता.

आता कटऑफ वाचण्याबद्दल. मार्क बघूच नका. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते आणि २०२५ च्या अवघड पेपरात देशातला सर्वोच्च स्कोअर ६८६ होता. या दोन वर्षांचे मार्क एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळत नाही. ऑल इंडिया रँक बघा, आणि त्याहून बरं म्हणजे राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक.

२०२० पूर्वीच्या याद्या तर बाजूलाच ठेवा. त्या वर्षी ७०:३० चा प्रादेशिक कोटा रद्द झाला. त्याआधी मराठवाड्याच्या मुलांना मराठवाड्यातल्या कॉलेजांत ७० टक्के जागा होत्या, आता सगळं राज्य एकच यादी आहे. २०२४ मध्ये एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजाचं, १० टक्के आरक्षण आलं आणि दहा नवी सरकारी कॉलेजं मिळून ९०० जागा वाढल्या. त्यामुळे २०२४ पासूनच्या याद्याच आजच्या रचनेशी जुळतात.

आणि एक हिशेब करून बघा म्हणजे कटऑफवर किती भरवसा ठेवायचा ते कळेल. १०० जागांच्या सरकारी कॉलेजात १५ जागा ऑल इंडियाला जातात, ८५ राज्याच्या. त्यात ओबीसी १९ टक्के, म्हणजे साधारण १६. त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी, म्हणजे जेमतेम पाच. पाच जागांमधली शेवटची मुलगी कोण, यावर तो आकडा ठरतो. एकीने जागा सोडली की तो हलतो. म्हणून एका कॉलेजचा कटऑफ न धरता सारख्या दर्जाच्या पाच-सहा कॉलेजांचा पट्टा धरा.

ओबीसीचा प्रवर्ग लावला म्हणून खुल्या जागेचा हक्क जात नाही, हेही लक्षात असू द्या. क्रमांक पुरत असेल तर तिला खुल्या गटातली जागाही मिळते. त्यामुळे दोन्ही कटऑफ बघायचे.

तहसील_खिडकी

यादी कितीही छान लावली तरी कागद कमी पडले तर प्रवर्ग जातो आणि मुलगी खुल्या गटात मोजली जाते. तुमच्या बाबतीत तपासायचं ते असं.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत. वैधता हातात नसेल तर आजच जात पडताळणी समितीकडे पाठपुरावा करा. नॉन-क्रिमीलेअरवरची मुदत वाचा, ती ३१ मार्चला संपते. जुना दाखला घेऊन येणारे दरवर्षी असतात.

एमसीसीसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. त्याआधी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघा. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथे नाही. उलट आपल्याकडे व्हीजे-एनटीमध्ये (विमुक्त जाती, भटक्या जमाती) असलेल्या बऱ्याच जाती केंद्रात ओबीसी म्हणून येतात. एसईबीसी हा प्रवर्ग केंद्रात नाहीच.

खासगीचं गणित तुमच्या मुलीसाठी पूर्ण बदललेलं आहे, आणि क्लासवाले हे बहुधा सांगत नाहीत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची १०० टक्के सवलत आहे. वैद्यकीय अभ्यासक्रम त्यात येतो आणि खासगी विनाअनुदानित कॉलेजही येतं. अटी दोन: प्रवेश कॅप फेरीतून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) झालेला हवा, संस्था कोट्यातून नको. आणि अभिमत विद्यापीठं यात नाहीत.

उत्पन्नाबद्दल एक खुलासा. नॉन-क्रिमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. या सवलतीसाठी मात्र सगळं उत्पन्न धरून तहसीलदारांचा दाखला लागतो. एक आहे म्हणून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही. तुमचं सगळं मिळून आठच्या आत आहे, तेव्हा दाखला काढून ठेवा. अर्ज प्रवेशानंतर महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर करायचा.

विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस हे यात येत नाही. ते किती, आणि प्रवेशाच्या दिवशी किती पैसे हातात हवेत, हे प्रत्येक कॉलेजला फोन करून विचारा.

घाटी_जुना

दुसऱ्या प्रश्नावर थोडं सविस्तर, कारण इथे घराच्या ओढीने निर्णय होतात.

नवं सरकारी कॉलेज म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा सामान्य रुग्णालयाला जोडलेलं कॉलेज. हिंगोली, जालना, वाशिम, बुलढाणा, गडचिरोली, भंडारा, अमरावती, अंबरनाथ ही २०२४ ची, प्रत्येकी १०० जागांची. मुंबईचं जीटी आणि नाशिक प्रत्येकी ५०. पदवी तीच मिळते, विद्यापीठही तेच, नाशिकचं. फरक पडतो तो शिकण्याच्या सोयीत.

बघायचं काय? पहिलं, पदव्युत्तर विभाग आहेत का. जिथे निवासी डॉक्टर आहेत तिथे रात्री वॉर्डात शिकवणारं कोणी तरी असतं. सलाईन लावणं, टाके घालणं, केस मांडणं हे विद्यार्थी प्राध्यापकापेक्षा निवासी डॉक्टरकडून जास्त शिकतो. दुसरं, शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या पहिल्या वर्षाच्या विभागांत पूर्णवेळ माणसं आहेत की प्रतिनियुक्तीवर आलेली. तिसरं, मुलींचं वसतिगृह आवारात आहे की भाड्याच्या इमारतीत, आणि रात्रपाळीनंतर तिथे जायचं कसं. चौथं, रुग्णसंख्या. ही संकेतस्थळावरून कळत नाही. सकाळी दहाला ओपीडीत जाऊन उभं राहिलं की कळते. हिंगोली, परभणी तुम्हाला जवळ आहेत, खरंच जाऊन या. दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलींशी बोला.

या कसोटीवर मराठवाड्यात घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॉलेज) वर राहील, त्याखाली अंबाजोगाई, नांदेड, लातूर. अंबाजोगाई गाव लहान म्हणून लोक खाली टाकतात, पण कॉलेज जुनं आहे, पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले रुग्ण तिथेच येतात. माझ्या मते सोलापूर, मिरज, यवतमाळ, अकोला, धुळे ही जुनी कॉलेजंही हिंगोलीच्या वर असावीत, अंतर जास्त असलं तरी. साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप काढायची आहे. घर किती तासांवर आहे, याचा त्रास पहिल्या सहा महिन्यांत जास्त होतो, नंतर कमी.

मुंबईत जेजे, केईएम, सायन, नायर, कूपर ही पाचही बिनधास्त वर लिहा. नागपूरला मेडिकल आणि मेयो ही दोन वेगळी सरकारी कॉलेजं आहेत. मेडिकलचं नाव शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूर आणि मेयोचं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूर असं आहे, तेव्हा कोड जुळवून घ्या.

सरकारी जागेला एमबीबीएसनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, ती गृहीत धरूनच चला.

हिंगोली_पालक

खूप आभार. मग असं समजू का: सगळी सरकारी आवडीच्या क्रमाने, त्याखाली खासगी, शुल्क सवलत धरून? आणि एमसीसीत ऑल इंडियातून बिहार किंवा मध्य प्रदेशात लागलं तर काय करायचं? दोन्हीकडे एकाच वेळी भरल्याने अडकायला होईल का, ही भीती आहे.

गोदाकाठ

हो, यादीचा सांगाडा तोच. खासगीचा क्रमही आवडीनेच लावा, पण सवलतीत न येणाऱ्या खर्चाचा आकडा प्रत्येकाशेजारी लिहून. आणि त्याच यादीत बीडीएसची कॉलेजंही दिसतील. दंतवैद्यक नको असेल तर एकही टाकू नका.

दोन्हीकडे भरा, अडकत नाही. पण फेरीगणिक नियम कडक होत जातात, ते ओळखून भरा.

एमसीसीत ओबीसीसाठी नोंदणी ५०० रुपये आणि परत मिळणारी अनामत ५,०००. अभिमत विद्यापीठांच्या जागा हव्या असतील तर नोंदणी ५,००० आणि अनामत दोन लाख. ती तुम्हाला लागू नाही, कारण तिथे सवलत नाही आणि शुल्क बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे आहे. तो पर्याय निवडूच नका.

पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेताही सुटता येतं. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा न घेतल्यास अनामत जाते. तिसऱ्या फेरीत रुजू झाल्यावर राजीनामा देता येत नाही. शेवटच्या स्ट्रे फेरीत जागा मिळून न घेतल्यास पुढच्या वर्षीच्या नीटलाच बंदी येते. याचा अर्थ असा की पहिल्या फेरीत यादी मोकळ्या हाताने लिहा, दुसरीपासून प्रत्येक ओळ "इथे खरोखर जाणार" असेल तरच ठेवा.

बिहार-मध्य प्रदेशचा निर्णय आधी घरी बसून करा, निकालाच्या रात्री नको. दोन प्रश्न पुरेत. तिथलं सरकारी आणि इथलं खासगी यांत कुठलं हवं? तिथलं बंधपत्र किती वर्षांचं आणि दंड किती? प्रत्येक राज्याची अट वेगळी आहे आणि ऑल इंडियातून आलेल्यांनाही ती लागते. उत्तर "इथलं खासगी बरं" असेल तर ती राज्यं यादीत लिहायचीच नाहीत. ऑल इंडियाच्या यादीत महाराष्ट्रातली सरकारी कॉलेजं, नागपूर एम्स आणि जायची तयारी असलेली बाहेरची निवडक, एवढंच ठेवा.

ऑल इंडियात रुजू झालात आणि नंतर राज्यात चांगलं लागलं, तर आधी ठरलेल्या मुदतीत राजीनामा हवा. तो कॉलेजने एमसीसीच्या पोर्टलवरून तयार केलेला असला पाहिजे, हाताने लिहिलेला अर्ज धरत नाहीत. रुजू झालेल्यांची नावं एमसीसी आणि राज्यांमध्ये कळवली जातात, त्यामुळे जुनी जागा सुटलेली दिसली नाही तर राज्याच्या पुढच्या फेरीतून नाव कमी होतं. मूळ कागदपत्रंही त्या कॉलेजात असतात. पाटण्याहून कागद सोडवून दोन दिवसांत हिंगोलीमार्गे नव्या कॉलेजात पोचायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण आधीच बघून ठेवावं लागतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते दुसऱ्या फेरीच्या यादीत. समजा पहिल्या फेरीत लातूर लागलं, प्रवेश घेतला आणि पुढे चांगलं मिळावं म्हणून रिटेन्शन फॉर्म (मिळालेलीच जागा कायम ठेवायचा फॉर्म) भरला नाही. दुसऱ्या फेरीला नवी यादी भरायची असते. तिथे लोक जुनीच यादी सवयीने पुन्हा भरतात, त्यात लातूरच्या खालची कॉलेजंही येतात. नव्या यादीतलं काहीही लागलं की लातूर आपोआप रद्द होतं, परत मागता येत नाही. म्हणून नव्या यादीत फक्त लातूरहून जास्त हवी असलेलीच कॉलेजं लिहायची. लातूरवर समाधान असेल तर रिटेन्शन फॉर्म भरून विषय संपवायचा. एमसीसीतही तसंच आहे, तिथे रुजू होताना अपग्रेडला हो की नाही ते विचारतात.

तहसील_खिडकी

एक राहिलं. यादी भरून झाली की लॉक करण्याआधी प्रिंट काढा आणि मुलीला कॉलेजांची नावं मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही कोड तपासा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साइट मंद होते, आदल्या दिवशीच लॉक करा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणि रोजच्या सूचना राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्याच संकेतस्थळावरून घ्या, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवरून नको. तारखा फेरीच्या मध्येही बदलतात.