झोपेची गोळी किती वर्षं चालू आहे? सुटली असेल तर कशी? अनुभव लिहा

गेल्या मे महिन्यात आई पहाटे तीनला मागीलदारी जायला उठली आणि पडवीच्या पायरीवरून खाली गेली. खुब्याचं हाड मोडलं. गुहागरहून रत्नागिरीला नेलं, तिथे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. रक्तदाबाची, थायरॉइडची, आणि त्यातच अल्प्राझोलम 0.5 या झोपेच्या गोळीची अर्धी संपलेली पट्टी. "ही कधीपासून?" मला सांगता येईना. आई म्हणाली, "हे गेले तेव्हापासून."

बाबांना जाऊन 9 वर्षं झाली. जुनी चिठ्ठी अजून फाइलमध्ये आहे. तीवर स्पष्ट लिहिलंय, 15 दिवस. पुढच्या सगळ्या पट्ट्या घरातल्याच कुणी ना कुणी आणून दिल्या, कितीतरी वेळा मीच. बंद करा असं कुणी म्हणालं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. या गोळीचा अर्धा अंमल उतरायलाच साधारण 11 तास लागतात, म्हाताऱ्या माणसांत त्याहून जास्त, हे मला त्या टेबलाशी कळलं. म्हणजे रात्री दहाची गोळी पहाटे तीनला तिच्या पायांत होतीच.

आपल्याकडे घरात एकटी आई किंवा एकटे बाबा, मुलं मुंबईत, आणि उशाशी ही पट्टी, अशी घरं मी एका आळीत चार मोजली. म्हणून लिहा. कोणती गोळी, का सुरू झाली, पुढे काय झालं. गोळीने ज्यांना सावरलं त्यांनीही लिहा. एकच विनवणी आहे: हे वाचून आज रात्री कुणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. का, ते पहिल्याच अनुभवात आहे.

चिपळूण, दुकानदार, वय 52

22 जुलै 2021. पहाटे जाग आली तेव्हा खाली दुकानात पाणी होतं, उजाडेपर्यंत जिन्याच्या सहा पायऱ्या गेल्या. आम्ही सगळे वर होतो म्हणून वाचलो. माल गेला, तो पुढे हळूहळू भरला. झोप मात्र गेली ती गेलीच. पत्र्यावर सर वाजली की मी उठून बसायचो. क्लोनाझेपाम 0.5 सुरू झाली, मग 1. खोटं कशाला बोलू, झोप लागली.

दोन वर्षांनी घरचे म्हणायला लागले, व्यसन लागेल. मी एका रात्रीत सोडली. ही गोळी अंगातून हळू उतरते, त्यामुळे पहिले तीन दिवस काहीच नाही, मला वाटलं जिंकलो. चौथ्या दिवसापासून हात थरथरायला लागले, सुटे पैसे मोजता येईनात. आठव्या दिवशी गल्ल्यावरच फिट आली.

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी परत सुरू केली आणि मग उतरवत नेली. सात महिने. ब्लेडने गोळीचे चार तुकडे करायचं काम बायकोकडे. ताट पालथं घालून त्यावर ती गोळी ठेवायची, आणि तरी एखादा तुकडा उडून फ्रिजखाली जायचाच. किती घेतली ते कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायची. शेवटची पाव गोळी सोडायलाच दोन महिने गेले. आता जुलैत जाग येते तेव्हा उठतो, जिन्यावरून खाली टॉर्च मारतो, पायरी कोरडी दिसली की परत येऊन पडतो.

मालवण

झोल्पिडेम 10. सकाळी उठले तर ओट्यावर कांदा चिरलेला, कढईत तेल ओतलेलं, मागचं दार सताड उघडं. मला काहीही आठवत नव्हतं. आमची विहीर दारापासून पंधरा पावलांवर आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी गोळी थांबवली. या औषधाने असं झोपेत चालणं, रांधणं होऊ शकतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला कितीतरी हायसं वाटलं. मला वेड लागतंय असंच वाटत होतं.

हर्णै, तांडेलाची (मासेमारी बोटीच्या प्रमुखाची) बायको

आमचे हे बोटीवर असले की सलग झोप नसतेच. जाळं टाकलं की तासभर डोळा, ओढायची वेळ झाली की उठ. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा घरी. घरी तर अजिबातच झोपायचे नाहीत. मग थोडी दारू, आणि बरोबरच्या एकाने दिलेली गोळी. चिठ्ठी नाही, नाव माहीत नाही.

त्या रात्रीचं सांगते. हे जोरात घोरायचे, ते अचानक बंद झालं. मी मोजलं, पंधरा, वीस, पंचवीस. मग मोठा आचका देऊन श्वास. पहाटेपर्यंत मी छातीवर हात ठेवून बसले. दापोलीच्या डॉक्टरांनी ऐकलं आणि आधी रागावले. दारू आणि ही गोळी, दोन्ही मिळून श्वास मंद करतात, माणूस उठतच नाही. नंतर झोपेची तपासणी झाली, त्यात स्लीप ॲप्निया निघाला. रात्री घशातली वाट बंद व्हायची म्हणून झोप मोडायची, आणि आम्ही त्यावर श्वास आणखी दाबणारी गोळी देत होतो. आता मास्कचं मशीन लावतात. ज्यांच्या घरात घोरणारं माणूस आहे त्यांनी गोळीच्या आधी ही तपासणी करून घ्या, हात जोडून सांगते.

वेंगुर्ले, मेडिकल चालवतो

आमची बाजू. 1 मार्च 2014 पासून अल्प्राझोलम, झोल्पिडेम या गोळ्या शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत अशा औषधांच्या कडक यादीत, आहेत. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. पट्टीवर लाल चौकट असते. तरी समोर सत्तरीची काकी उभी राहते, "रे बाबा, माका झोप येणा नाय, दी मरे!" मी नाही म्हटलं की तिचा चेहरा बघवत नाही. पूर्वी मी जुन्या चिठ्ठीवर दिल्या आहेत, हे कबूल करतो. वरची गुहागरची हकिगत वाचून काल तीन घरी स्वतः फोन केले, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या म्हणून.

अलिबाग

मुलगा गेला त्यानंतर मला तीन आठवडे गोळी दिली होती. रोज रात्री सहा तास ते दृश्य डोळ्यांसमोरून हटायचं, तेवढ्यावर मी दुसरा दिवस काढायचे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी शेवटची तारीख लिहून दिली होती आणि त्या तारखेला ती थांबली. त्या गोळीबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे.

देवगड, शिक्षक

आठवड्यातून तीन-चार रात्री जागरण, असं वर्षभर चाललं होतं. तीन महिन्यांपुढे गेलं की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात आणि त्यावर सीबीटी-आय नावाची बोलून करायची उपचारपद्धत आहे, गोळीआधी तीच करावी असं आता डॉक्टर मानतात. आमच्या तालुक्यात करणारं मला कुणी सापडलं नाही, मी ऑनलाइन केली. पहिले दोन आठवडे फार कठीण. अंथरुणात फक्त साडेअकरा ते पाच. वीसेक मिनिटं झोप नाही लागली तर उठायचं, पडवीत बसायचं, मोबाइल नाही. रविवारीही पाचलाच उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही. हापूसच्या पेट्या भरायच्या दिवसांत हे करणं म्हणजे अंगाची परीक्षा होती. सहाव्या आठवड्यात मी साडेअकराला पडलो आणि थेट पाचला उठलो. गोळी डॉक्टरांनी याच काळात पाव-पावने उतरवली. कुणाला सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात.

गुहागर, पुन्हा मी

सर, तुमचं वेळापत्रक आईला वाचून दाखवलं. "पाचला तर मी उठतेच की," म्हणाली.

तिची गोळी आता 0.25 ची अर्धी आहे, दर पंधरवड्याला डॉक्टरांशी बोलून. पायरीला कठडा बसवलाय, मागीलदारी रात्रभर दिवा असतो. परवा अडीचला जाग आली तर ती जागीच होती. मी विचारलं, गोळी हवी का? नको म्हणाली. मग आम्ही दोघी झोपाळ्यावर बसलो आणि ती बाबांबद्दल बोलायला लागली. या 9 वर्षांत पहिल्यांदाच. चार वाजेपर्यंत बोलत होती.