भजनाच्या ॲम्प्लिफायरमध्ये घूंऽऽ आवाज, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी

पेटीवाला, जांबोटी
नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाचं १०० वॅटचं मशीन पावसाळ्यापासून बिघडलंय. चालू केलं की लगेच ‘घूंऽऽ’ धरतंय. माईकचे सगळे व्हॉल्यूम शून्यावर आणले तरी तेवढंच राहतं. एक नंबरचा माईक वाढवला की वर वेगळी करकर येते. फ्यूज जात नाही, मशीन तापत नाही. पण हरिपाठाला टाळ थांबले की फक्त तेच ऐकू येतं. आमचे बुवा काळी दोनला गातात आणि ही घूं पांढरी पाचच्या किंचित वर लागते, म्हणजे नेमकी गंधाराजवळ, पण चढी. बुवांचा गंधार हलतो हो! एका दुकानात ट्रान्सफॉर्मर गेलाय म्हणाले. सप्ताह तोंडावर आलाय. काय करू?

रिपेअरवाले काका, शहापूर
पेटीवाले, तुम्ही सूर सांगितलात तिथंच निम्मं काम झालं. ट्रान्सफॉर्मरला हात लावू नका. तो जळाला असता तर वास आला असता, फ्यूज उडाला असता.

आपली लाईट ५० हर्ट्झची. ब्रिजमधून (एसीचं डीसी करणारे चार डायोड) गेली की तिची १०० ची लहर होते आणि ती सपाट करायचं काम मोठ्या फिल्टर कंडेन्सरचं. ते सुकले की लहर थेट स्पीकरला जाते. आता पेटी घ्या. फक्त खर्जाचे सूर उघडा आणि डावीकडची पहिली पांढरी पाच धरा. पेटी ४४० ला लावलेली असेल तर ती ९८ हर्ट्झची. घूं तिच्याजवळ, थोडी चढी लागली तर कंडेन्सर गेले. घूं त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ती ५० ची. मग अर्थिंग, वायरची जाळी (आतल्या तारेभोवतीचं तारांचं आवरण) किंवा ब्रिजमधला उघडा पडलेला डायोड बघायचा. हे कर्ण्यावर ऐकू नका, इतका खालचा आवाज कर्ण्यात उतरत नाही. बॉक्स लावा.

व्हॉल्यूमने हलत नाही ती घूं सप्लायची. माईकबरोबर वाढते ती करकर म्हणजे दुसरा दोष, माईकच्या वायरीत किंवा जॅकमध्ये. दोन्ही एकत्र शोधायला जाऊ नका.

उघडताना आधी प्लग काढा. कंडेन्सर बंद मशीनमध्येही चार्ज धरून बसतात. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन टोकांना थोडा वेळ धरा, मग मीटरने बघा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. नवा घालताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि अंगावरचा पट्टा मायनसकडे. उलटा लागला तर फुटतो. पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब मशीनच्या लाईटच्या वायरीत सिरीजमध्ये घाला. लख्ख पेटून मंदावला तर ठीक, तसाच पेटत राहिला तर लगेच बंद करा.

गिटार_टिळकवाडी
आमच्या गिटारच्या ॲम्पलाही असंच होत होतं. थ्री पिनमधली अर्थची पिन काढून टाकली, एकदम गप्प झाला. आधी तेच करून बघा की.

रिपेअरवाले काका, शहापूर
नको रे बाबा, हे कुणाला सांगूही नको. माईकचं लोखंडी अंग जाळीमधून मशीनच्या पेटाऱ्याला जोडलेलं असतं. उद्या आतलं इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट थेट बुवांच्या हातात. देवळात फरशी ओली, पाय अनवाणी. अर्थ असेल तर फ्यूज जातो, नसेल तर माणूस जातो. तुझ्याकडे बहुतेक दोन मशीन वेगवेगळ्या सॉकेटवर होती, म्हणून अर्थ दोन वाटांनी जोडला जाऊन लूप झाला. दोन्ही एकाच बोर्डावर घे. तरी राहिली तर दोन मशीनमधल्या सिग्नलच्या वायरीत मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाक. ती पिन आजच परत बसवून घे.

गिटार_टिळकवाडी
बरं काका, बसवतो.

पेटीवाला, जांबोटी
काका, पहिल्या पांढरी पाचवरच जुळली! आयटीआय करणाऱ्या पुतण्याला घेऊन उघडलं. दोन मोठ्या कंडेन्सरपैकी एकाचं डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी चिकट. बेळगावहून जोडीच आणली, दोन्ही बदलले. बल्ब लख्ख पेटला आणि मंदावला. घूं गेली. एक नंबरच्या जॅकमध्ये जाळीची तार हिरवी पडून शेवटच्या काडीवर लोंबत होती, ती घासून सोल्डर केली. करकरही गेली. काल बुवा मन लावून गायले.

आता एकच विचारतो. सप्ताहात बाहेर दोन कर्णे मशीनच्या आउटपुटच्या १०० व्होल्टच्या टोकावर आणि आत बॉक्स ८ ओहमच्या टोकावर, असं एकदम चालेल का?

रिपेअरवाले काका, शहापूर
नाही. एका वेळी एकच टोक. १०० वॅटच्या मशीनला १०० व्होल्टच्या टोकावर लोड १०० ओहमच्या खाली नको. तिथं कर्णे आणि शिवाय ८ ला बॉक्स लावला तर दोन्हींचा भार आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या एकाच वायंडिंगवर पडतो, आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. बॉक्सलाही लाइन ट्रान्सफॉर्मर (१०० व्होल्टची लाइन ८ ओहमच्या स्पीकरला जुळवणारा) बसवा आणि सगळं १०० व्होल्टवर घ्या. कर्णे ३०-३० वॅटवर आणि बॉक्स २० वर लावला की बेरीज ८० होते, मशीनला थोडी मोकळीक राहते.