रस्ता रुंद होतोय, पण पाणी कुठून जाईल?

धुऱ्यावरचा (यवतमाळ)
आमच्या तालुक्यापासून जिल्ह्याच्या गावापर्यंतचा रस्ता सिमेंटचा, दहा मीटर रुंद होणार आहे. खुंट्या रोवून झाल्या, कडुनिंबांवर आकडे पडले. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो झाडं वाचवा, दुसरा म्हणतो विकासाला आडवे येऊ नका. झाडं तरी मोजली गेली, पाणी कोणी मोजलं?

नवा रस्ता जुन्यापेक्षा दोन-तीन फूट उंच येतो. म्हणजे वावरांमधून मैलोन्‌मैल बांधच टाकला म्हणा. जुन्या रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहून जायचं, दोन तास वाहतूक थांबायची आणि विषय संपायचा. शेजारच्या तालुक्यात झालेला नवा रस्ता पाहून आलो. मोरीचं, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेचं, तोंड नाल्याच्या तळापेक्षा हातभर वर! वरच्या अंगाला तूर पाण्यात उभी राहून जळलेली, खालच्या अंगाला मोरीच्या धारेनं खड्डा पडून धुरा, म्हणजे वावराचा बांध, तुटलेला. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, साचतंच.

मागणी एवढीच: टेंडर निघण्याआधी मोऱ्यांचा नकाशा ग्रामसभेत दाखवा. कुठल्या वावरातून पाणी येतं ते कास्तकाराला ठाऊक असतं.

दर्यापूरकर
भाऊ, मुद्दा पटतो, पण भीती वाटते. आधी नकाशा, मग हरकती, मग कोर्ट. नागपूर–शिवनी रस्ता आठवा. पेंचच्या जंगलातला पट्टा वर्षानुवर्षं वादात अडकला आणि खड्ड्यांत गाड्या मोडत राहिल्या. आमच्या खारपाणपट्ट्यात पावसाळ्यात रस्त्याचा चिखल होतो, बाळंतपणाची बाई दवाखान्यात न्यायची म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. तूर जळली तर नुकसानभरपाई मागता येते. रस्ता नसला तर काय मागायचं?

नवेगावची ताई
दादा, पेंचचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तो रस्ता झालाच ना? महाराष्ट्रातल्या पट्ट्यात जनावरांसाठी रस्त्याखालून 9 वाटा काढल्या, 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत लांबीच्या. भारतीय वन्यजीव संस्थेनं 2019 साली तिथं कॅमेरे लावले, तर 18 जातींचे प्राणी त्याखालून जाताना सापडले, वाघसुद्धा. हेच पहिल्या आराखड्यात असतं तर कोर्टाची पायरी कशाला चढावी लागली असती?

जिथं ही सोय नाही तिथलंही सांगते. डिसेंबर 2017 मध्ये बाजारगावजवळ बोर व्याघ्रप्रकल्पाचा बाजीराव वाघ गाडीखाली गेला. ऑगस्ट 2023 मध्ये आमच्या गोंदिया–कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीजवळ, तरुण वाघ कारच्या धडकेत मेला. दोन्ही रस्ते गुळगुळीत होते.

दर्यापूरकर
ताई, वाघाचं ठीक आहे. पण धुऱ्यावरच्या भाऊंच्या रस्त्यावर वाघ नाही, तूर आहे. तिथं 750 मीटरचा पूल कोण बांधणार?

साईटवरचा अभियंता
ठेकेदाराकडे नोकरी करतो, म्हणून नाव सांगत नाही. दोघंही अर्धं बोलताय.

डीपीआर, म्हणजे रस्त्याचा सविस्तर आराखडा, करणारे सल्लागार बहुतेक उन्हाळ्यात फिरतात. एप्रिलमध्ये नाला ओळखूच येत नाही, त्यात गाई बसलेल्या असतात. कामाचा करार एकदा झाला की रक्कम ठरलेली. नंतर एक मोरी वाढवायची म्हटली तरी प्रस्ताव, वरची मंजुरी, आणि ती येईपर्यंत भराव होऊन गेलेला. म्हणून मोरी वाढवून घ्यायची खरी वेळ टेंडरच्या आधीचीच. पण धुऱ्यावरचे, प्रत्येक धुऱ्याला मोरी मागाल तर मिळणार नाही. नाल्याला मोरी आणि मधल्या वावरांसाठी रस्त्याच्या कडेनं नाल्यापर्यंत पोचणारी गटार, हे मागा. गटार अर्ध्यात सोडतात, भांडण तिथं करा.

मुरमाचंही पाहा. काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, ती रस्त्याखाली चालत नाही. मुरूम, नाहीतर राख आणावी लागते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांपाशी राखेचे डोंगर आहेत. टेकडी कोरण्यापेक्षा ‘बुलढाणा पॅटर्न’ बरा: गावतळी आणि नाले खोल करून निघालेला माती-मुरूम रस्त्याला. शासनाला भराव स्वस्त, गावाला पाणी.

कोरडवाहू (वर्धा)
कागदावर छान. पण पोकलेन कुठं लागतो? गावाला पाणी हवं तिथं नाही, रस्त्याला जवळ पडतं तिथं. नाला गरजेपेक्षा खोल गेला तर काठच्या विहिरींचं पाणीच नाल्यात उतरतं आणि काठ ढासळतात. भूजलवाल्यांना आधी दाखवा, खोली ठरवा, मग खोदा. नाहीतर फायदा एकट्या ठेकेदाराचा.

आणि पर्यावरण मंजुरीच्या भरवशावर कोणी राहू नका. 2013 च्या दुरुस्तीनंतर आहे तो राष्ट्रीय महामार्ग रुंद करताना लांबी 100 किलोमीटरच्या वर आणि जादा जागा 40 मीटरपेक्षा जास्त असली तरच ती लागते. वळणरस्त्याला ही मर्यादा 60 मीटर. तालुक्याचा रस्ता त्या चाळणीतून सहज सुटतो.

नवेगावची ताई
झाडांचंही तसंच. राष्ट्रीय महामार्गांसाठी 2015 चं हरित धोरण आहे, प्रकल्प खर्चाचा 1 टक्का झाडांना. पण चिंच-कडुनिंब तोडून कण्हेर लावली तर उन्हात एसटीची वाट पाहणाऱ्या बाईला सावली कोण देणार? तोडाल तीच जात लावा, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात जगलेली मोजून बिल काढा.

धुऱ्यावरचा (यवतमाळ)
दर्यापूरकर, तुमच्याच अंगणातली गोष्ट. जून 2022 मध्ये अमरावती–अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबराचा थर साडेचार दिवसांच्या आत टाकून विश्वविक्रम केला. एवढी घाई जमते, तर पाहणीसाठी एक पावसाळा थांबायला काय हरकत आहे? आमचं टेंडर अजून निघालेलं नाही. अभियंतासाहेब, ठराव कसा लिहायचा?

साईटवरचा अभियंता
‘मोऱ्या वाढवा’ एवढंच लिहिलं तर कागद फाईलीत जातो. कोणत्या चेनेजला, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून किती अंतरावर, कुणाच्या वावराजवळ, पूर किती उंच चढतो ते लिहा. पावसातले फोटो जोडा, तारखेसह. बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडे द्या, पोच घ्या, एक प्रत कार्यकारी अभियंत्याला.

दर्यापूरकर
ठराव करा. पण ‘तोवर काम थांबवा’ ही ओळ त्यात घालू नका. त्या रस्त्यावर माझ्या बहिणीचं सासर आहे. ती ओळ दिसली तर ते गाव सही करणार नाही, आणि मीही करू देणार नाही.

धुऱ्यावरचा (यवतमाळ)
ती ओळ घालणार नाही. पण ‘गटार नाल्याला मिळाल्याशिवाय शेवटचं बिल काढू नये’ ही घालणार. बोला, चालेल?