नॉर्वे नसतं तर ब्लॅक मेटल नसतं? मग नाशिक नसतं तर ढोल नसता म्हणा!

गंगापूररोडचा_अंधार
काल इथे ब्लॅक मेटल या काळोख्या, कर्कश मेटल संगीतावरून एकाने ठोकून दिलं, "ब्लॅक मेटल म्हणजे नॉर्वे. बाकी सगळे नकलाकार, नाशिकची पोरं तर त्याहून." रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून लिहितोय.
अरे बाबा, नावच मुळात व्हेनम बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून आलं, आणि ते इंग्लंडातल्या न्यूकॅसलचे. बाथरी स्वीडनचा. ब्राझीलच्या सार्कोफागोचा १९८७ चा 'आय.एन.आर.आय.' काढ आणि नुसतं कव्हर बघ. तोंडं रंगवून, काडतुसांचे पट्टे लावून कबरस्तानात उभे आहेत. तुझ्या नॉर्वेच्या डार्कथ्रोनचा पहिला अल्बम तर चक्क डेथ मेटल, म्हणजे वेगळाच प्रकार! नॉर्वे गाजलं ते बातम्यांनी. १९९२ मध्ये बर्गनचं फांटोफ्ट चर्च जळलं, १९९३ मध्ये बर्झमच्या वार्गने मेहेम बँडच्या युरोनिमसला भोसकलं. पोलीस स्टेशनमधून आलेल्या कीर्तीला 'प्रभाव' म्हणायचं का?

ट्रेमोलो_तात्या
ते लिहिणारा मीच. नावं पाठ आहेत, कान कुठे ठेवलेत? व्हेनम म्हणजे चिखलात लोळलेला मोटरहेड बँड. मेहेमचा युरोनिमस आणि थॉर्न्सचा स्नोरे यांनी तार दाबून ठोकणं सोडलं, कॉर्ड उघडी ठेवली, कर्कश सूर एकमेकांवर घासू दिले. तो गारठा ब्राझीलमध्ये दाखव. अंबडच्या गाळ्यात तुम्ही दर रविवारी तेच वाजवता ना? मग गुरूचं नाव घ्यायला जीभ का जड होते?

गंगापूररोडचा_अंधार
वाजवतो. 'फिलोसोफेम' अल्बमसाठी वार्गने मुद्दाम सगळ्यात फालतू माइक वापरला हे वाचून आम्हीही तसलाच शोधला. मे महिन्यात पत्र्याखाली तोंडाला झिंक ऑक्साइड फासलं, दुसऱ्या गाण्याला सगळं गळ्यात उतरलं. घरी आलो तर आजी म्हणाली, "भारुडाला गेला होतास का रे?"
कसला गारठा अन् कसलं काय! म्हणूनच म्हणतो, ग्रीसचा रॉटिंग क्राइस्ट ऐक. १९९३ चाच अल्बम, पण ऊबदार, रेटत जाणारा. त्यांनी बर्फ उसना आणला नाही.

पंचवटीची_लेक
सगळा नावाचा खेळ आहे. कल्याणला मावसभावाच्या लग्नात टेम्पोवर हे एवढं मोठं 'नाशिक ढोल'. पोरांना विचारलं कुठले, तर म्हणे उल्हासनगर. वर ढोलाला प्लास्टिकचं पान (वाजवायचा पडदा)! डबा वाजल्यासारखा आवाज.

टिपरू_बहाद्दर
प्लास्टिकला नावं ठेवणाऱ्यांनी विसर्जनाला पावसात चामड्याचं पान घेऊन भद्रकालीपासून रविवार कारंजापर्यंत यावं. भिजलं की ढोल नाही, गादी वाजते.

पंचवटीची_लेक
माझे वडील आले आहेत. चामड्याचाच घेऊन. शेकोटीवर तापवायचे आणि परत उभे राहायचे. तुम्हाला कष्ट नकोत, एवढंच. नाहीतरी अर्ध्या पथकांचा ठेका पुण्याचा.

टिपरू_बहाद्दर
पुण्याचा?! ताई, वडिलांचा मान आहे म्हणून गप्प बसतो. कमरेला वळ उठेपर्यंत ढोल बांधलाय आम्ही. कष्ट आम्हाला शिकवू नका.

ट्रेमोलो_तात्या
मिरवणूक धाग्याबाहेर काढा हो.
अंधारराव, सार्कोफागोच्या कव्हरचं मान्य, वाटा पेढे. ग्रीसचंही मान्य. पण त्यांनी स्वतःचं काही केलं. तुमच्या गाळ्यात नाशिक कुठे ऐकू येतं ते सांगा.

गंगापूररोडचा_अंधार
...नाही येत. एका गाण्यात ढोल घ्यायचा होता. ड्रमर म्हणाला, ब्लास्ट बीटच्या सुसाट ठोक्यांवर ढोल घेतला तर लोक नाचायला लागतील.

टिपरू_बहाद्दर
लागू देत की! रविवारी येतो. गाळा नंबर टाक. पण ढोल प्लास्टिकचाच आणणार, आधीच सांगतो.

पंचवटीची_लेक
झालं. आता त्या गाण्याचंही वाटोळं.