मदत हवी आहे: परासरण दाब सारखाच, तरी युरियाच्या द्रावणात लाल पेशी का फुटतात?

नमस्कार मंडळी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परासरणाची (पटलातून, म्हणजे पातळ पडद्यातून, पाणी कमी कणांच्या द्रावणाकडून जास्त कणांच्या द्रावणाकडे जाण्याची) गणितं सुटतात, पण पेशीचं वागणं त्यात बसत नाही.

०.९ टक्के मिठाच्या पाण्यात लिटरमागे ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.१५४ मोल. सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात, म्हणून कण दुप्पट, ०.३०८. युरियाचा रेणुभार ६०, त्याचे आयन होत नाहीत, १.८ टक्के द्रावणात ०.३ मोल. व्हान्ट हॉफच्या सूत्राने (जे कणांच्या संख्येवरून परासरण दाब काढतं) ३७ अंशांना दोघांचाही दाब हवेच्या दाबाच्या साडेसात पटींच्या वर येतो. रक्तद्रवाचाही जवळपास तेवढाच. म्हणजे दोन्ही द्रावणं समपरासारी हवीत, त्यांत पेशी ना फुगावी ना आकसावी.

पण मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकला की नळी गढूळ राहते, मागचा छापील कागद वाचता येत नाही. युरियात मात्र बघता बघता लाल पण आरपार दिसायला लागतं. पेशी फुटल्या! पाणी आत शिरायला फरक लागतो, तो इथे आला कुठून? पुस्तकात ‘युरिया पटलातून जातो’ एवढंच आहे, पुढचं मला जुळवता येत नाही.

प्रतिसाद:
आकडेमोड बरोबर आहे. अडचण सूत्राच्या गृहीतकात आहे: पटलातून फक्त पाणी जातं. वनस्पतिशास्त्रज्ञ फेफरने १८७७ साली छापलेली मोजमापं साखर अडवणाऱ्या कॉपर फेरोसायनाइडच्या पटलावरची होती, आणि व्हान्ट हॉफने त्यांचाच आधार घेतला. लाल पेशीच्या पटलात युरिया ने-आण करणारी प्रथिनं असतात. युरिया झपाट्याने आत येतो, दोन्हीकडे सारखा होतो आणि हिशेबातून बाद होतो. आतलं हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम मात्र तिथेच अडकलेलं, त्याला तोलायला बाहेर काहीच उरत नाही. म्हणून पाणी आत येत राहतं, पार पेशी फुटेपर्यंत. सोडियमही थोडा झिरपतो, पण पटलातले प्रथिनांचे पंप त्याला परत बाहेर काढतात. तेव्हा द्रावण समपरासारी आहे का, हे समोरचं पटल बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप आभार, आता साखळी जुळली! मग ०.९ टक्के मिठाच्या पाण्यातच तेवढा युरिया मिसळला, तर दाब दुप्पट होऊनही पेशी आधी आकसेल आणि पुन्हा मूळ आकारावर येईल, बरोबर?

प्रतिसाद:
बरोबर. आकसणंही अगदी थोडा वेळ टिकतं, कारण युरिया लगेच आत पोचतो.